नमुन्यापुरतं पाणी

कसबा पेठ,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

श्रीमती स्पृहाबाई यांसी,

न. वि. वि. ('सप्रेम' मुद्दाम गाळले आहे.)

काल आपण आपल्या संस्थेचे जाकीट घालून आमच्या श्रीखंडाच्या कारखान्यात आलात, चार कामगारांदेखत सख्ख्या काकाला 'मालक' म्हणालात आणि पाऊण तास आमच्या मोरीत डोकावून पाहिलेत. इतका वेळ आपण आपल्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाकडेही पाहिले नव्हते.

नदी खराब होऊ नये आणि दुकानदाराचे पैसेही वाचावेत, असा आपल्या संस्थेचा उद्देश आहे म्हणे. उद्देश उत्तम. परंतु चक्का टांगला की आंबट पाणी गळणार आणि ते मोरीतच जाणार. माझ्या आजोबांपासून ते तिथेच जात आले आहे आणि कधी परत आलेले नाही. गेल्या महिन्यात चेंबर तुंबून ते गल्लीभर पसरले, तो अपवाद.

त्यावरून तपासणीवाल्यांची नोटीस आली आहे, हे खरे. मोरीच्या पाण्याचा नमुना पाडव्याआधी पास झाला नाही, तर कारखान्याला कुलूप. ते मी पाहून घेईन. फोन करू नये, बोललेले हवेत जाते. उत्तर लेखीच द्यावे. तुमची काकू दर गुरुवारी धायरीला बहिणीकडे येते, तिच्या हाती पाठवावे.

लोभ होता, सध्या तपासणीखाली आहे.

श्रीधर

*

धायरी,
दि. १३ फेब्रुवारी

ती. काकांस,

स्पृहाचा शि. सा. न. वि. वि.

रागवा, पण पुरतं वाचा. ड्युटीवर असताना मी 'काका' म्हणाले असते, तर बाकीचे दुकानदार म्हणाले असते की पोरगी घरच्यांना सांभाळून घेते.

चक्क्याचं पाणी म्हणजे विष नाही, मान्य. पण ते नदीत जाऊन कुजतं आणि माशांचा श्वास कोंडतो. तुम्ही फक्त दोन गोष्टी करा. टांगलेल्या चक्क्याखाली कॅन ठेवा. संपत रोज लोणी काळभोरहून दूध आणतो आणि रिकामे कॅन परत नेतो, त्यांतून हे पाणी रंगरावांच्या गोठ्यावर जाऊ दे. म्हशी ते आवडीनं पितात. मी विचारलंय. (रंगरावांना.)

दुसरं, पातेली धुण्याआधी उलथन्यानं खरवडून घ्या आणि जे निघेल त्याचं एकच दिवस वजन करा. किती भरेल ते मी सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही भांडाल.

काका, मला त्या नोटिशीची खरंच भीती वाटते. पाडव्याला तुमचं दुकान बंद, हे मला सहन होणार नाही. राग माझ्यावर काढा, दुकानावर नको.

तुमच्या रागासकट तुमचीच,
स्पृहा

*

कसबा पेठ,
दि. २५ फेब्रुवारी

चि. स्पृहास,

सरोजिनीकाकूचे अनेक आशीर्वाद.

गुडघा धरलाय, या गुरुवारी येणं नाही, म्हणून पोस्टानं लिहिते. तुझं पत्र यांनी तीनदा वाचलं आणि तीनदा टेबलावर आपटलं. मग मला सांगितलं की पोरीचं म्हणणं खोटं पाडण्यासाठी म्हणून एक दिवस पातेली खरवडून बघतो. सव्वादोन किलो श्रीखंड निघालं! हे मटकन स्टुलावर बसले. पाणी मागितलं, अर्धं प्यायले आणि अर्धं झाकून ठेवलं. तीस वर्षांत मोरीनं किती खाल्लं असेल याचा हिशेब मी करू दिला नाही. आधीच बीपी आहे.

पण तू काय जागं केलंस याची तुला कल्पना नाही. आता थेंब म्हणून सांडू देत नाहीत. चक्क्याचं पाणी रंगरावांकडे जातं, त्याबदल्यात रंगरावांनी दूध जरा स्वस्त लावलं. तरी घरी रोज एक कळशी येतेच. आठ दिवस झाले, दोन्ही वेळा कढी. कणीक त्यातच भिजते. काल मला म्हणाले, यानं केसही छान होतात म्हणे. मी नुसतं बघितलं, तेव्हा कळशी उचलून बाहेर गेले.

पातेल्याचं पहिलं विसळण म्हशींना, दुसरं फरशीला, तिसरं गल्लीतल्या सगळ्या कुंड्यांना. मोरी इतकी कोरडी आहे की परवा तिथं मांजर झोपलं होतं.

ये लवकर. येताना कढी सोडून काहीही आण.

तुझी,
काकू

*

कसबा पेठ,
दि. ५ मार्च

चि. स्पृहास,

आशीर्वाद. (सरसकट नव्हे, एकच.)

काल तपासणी कचेरीतून बद्रीनाथ नावाचे गृहस्थ नमुना घ्यायला आले. सकाळी दहापासून बाटली उघडून चेंबरपाशी उकिडवे बसले. साडेपाचला बाटलीचे बूच लावून उठले. नमुन्यास अर्धा लिटर पाणी लागते आणि आमच्या मोरीत पाणीच नाही! नमुना नाही तर अहवाल नाही आणि अहवाल नाही तर नोटीस कायम, असे ते खेदाने म्हणाले.

म्हणजे मोरीतून घाण गेली तर कारखाना बंद आणि काहीच गेले नाही तरी बंद. थोडे पाणी सोडा, असे त्यांनी सुचवले. मी स्पष्ट नकार दिला. तीस वर्षे श्रीखंड वाया घालवले, आता कुठे अक्कल आली आहे, ती एका बाटलीसाठी परत करणार नाही.

कळावे.

श्रीधर

*

धायरी,
दि. ६ मार्च

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

माझ्या नोकरीत मी हे वाक्य लिहीन असं कधी वाटलं नव्हतं, पण काका, कृपा करून थोडं पाणी वाया घालवा. खरवडलेलं एक पातेलं बद्रीनाथांसमोर बादलीभर पाण्यानं धुवा आणि ते सरळ मोरीत जाऊ द्या. पाडवा तीस तारखेला आहे. लॅबला पाच-सहा दिवस लागतात. प्लीज!

हात जोडून,
स्पृहा

*

कसबा पेठ,
दि. १८ मार्च

चि. स्पृहास,

अनेक आशीर्वाद.

घोटाळा झालाय. बद्रीनाथ गेल्या मंगळवारी पुन्हा आले. यांनी बादलीला हात लावू दिला नाही. दीड वाजला, माणूस आपला उन्हात बसलेला. दाराशी कुणी उपाशी बसलेलं मला बघवत नाही. त्यांना आत बोलावून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाढली. जेवून त्यांनी कारखान्यातल्या नळावर हात धुतले आणि ते पाणी वाहत थेट चेंबरमध्ये गेलं. गृहस्थ ओल्या हातांनी बाटली घेऊन धावले आणि नमुना भरला!

काल अहवाल आला. बाकी सगळं उत्तम, पण तेल जास्त. नापास. आपल्या कारखान्यात तेलाचा थेंब नसतो गं, ते तेल माझ्या पुऱ्यांचं! यांनी कालच कचेरीत जाऊन हरकतीचं पत्र दिलं, की सदर तेल आमचे नसून आपल्याच कर्मचाऱ्याच्या बोटांचे आहे. हरकतीचा निकाल पंचेचाळीस दिवसांनी लागतो, असं उत्तर तिथंच मिळालं. तेव्हापासून यांनी पाडव्याच्या ऑर्डरींची वही मिटून ठेवलीय आणि रिकाम्या पातेल्यांकडे बघत बसतात. स्पृहा, मला भीती वाटते गं.

काकू

*

धायरी,
दि. २० मार्च

ती. काकांस,

शि. सा. न. वि. वि.

बद्रीनाथांना मी विनंती केलीय, ते उद्या शेवटचे येतील. डबा घेऊन येतील, हे पत्र आणणाऱ्या काकूलाही तसं बजावलंय. आता हातात फक्त एक बादली आहे, काका. पाणी वाचवायला मीच शिकवलं, तेव्हा या बादलीचा दोष माझ्या माथी मारा. पण दुकान उघडं राहू दे.

स्पृहा

*

कसबा पेठ,
दि. २७ मार्च

चि. स्पृहास,

सप्रेम आशीर्वाद, अनेक.

शुक्रवारी सर्वांत मोठे पातेले मी स्वतः खरवडले, स्वतः घासले आणि बादली रिकामी केली. जीव तीळ तीळ तुटला. पाणी मोरीतून गेले ते इतके स्वच्छ, की बद्रीनाथांनी मला दोनदा विचारले, हे नळाचेच तर नाही ना. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि मी पाहत राहिलो. हीच मोरी इतकी वर्षे मुठेला काय पाजत होती, ते तेव्हा कळले. मला लाज वाटली, पोरी. तू मोरीत डोकावलीस तेव्हा मला राग आला होता, कारण मी स्वतः कधी डोकावलो नव्हतो. तुझे बरोबर होते.

आज अहवाल आला. पास. रात्रपाळीचे कामगार बोलावले आहेत, चक्का टांगला आहे आणि तुझ्या काकूने कढी कायमची बंद केली आहे.

रविवारी पाडव्याला जावईबापूंना घेऊन जेवायला ये. पुढे गिऱ्हाइकांची रांग असेल, म्हणून मागल्या दाराने ये. तिकडे मोरी आहे, म्हणून पूर्वी आम्ही नाकाला रुमाल लावून जात असू. यंदा पाने तिथेच मांडणार आहे.

तुझा,
श्रीधरकाका