वसुबारसेचा कोवळा घास

उल्हासनगर कॅम्प ४,
४ नोव्हेंबर, मंगळवार. उद्या त्रिपुरी पौर्णिमा.

माधवीबाय,

सासूचा आशीर्वाद घे. वेळेवर जेवतेस ना? तुमच्या हॉस्टेलच्या आमटीत डाळ शोधावी लागते असं मागे म्हणाली होतीस. इंदूने तिळाची चटणी केली आहे, तिकडे येणारं कोणी भेटलं तर धाडते. घाटावर आता थंडी पडली असेल. पहाटे धारेला उठतेस तेव्हा कानाला रुमाल बांधत जा, तुला लगेच सर्दी धरते आणि मग सांगत पण नाहीस.

वरचा पत्ता बघून चमकली असशील. मी बहिणीकडे, तुझ्या इंदुमावशीकडे आले आहे. म्हाताऱ्या बहिणीने बहिणीकडे चार दिवस राहू नये असं कुठे आहे का? हवापालट समज. आता कॅम्प चारमध्ये कसली आली हवा, खालच्या गाळ्यात दिवसभर जीन्स शिवायच्या मशिनी धडधडत असतात, भिंत पण हलते. शेजारी मुकेशची आई म्हणून सिंधी बाई आहे, ती मला वाटीभर साईभाजी आणून देते आणि माझं हिंदी ऐकून पोट धरून हसते. चांगली आहे बिचारी. इंदूकडे पिशवीचं दूध येतं. आल्या दिवशी तिने चहा दिला तर माझ्या घशाखाली उतरेना. आता पिते मुकाट्याने.

तू म्हणशील, आई तिकडे, मग धारा कोण काढतं? तेच सांगायला कागद घेतला आणि अर्धं पान चटणीत आणि चहात घालवलं. माझी सवय तुला माहीत आहे.

फोन का नाही केला, तर फोनवर तुझा आवाज आला की मी "सगळं छान आहे" म्हणून मोकळी होते. दिवाळीत तेच केलं. शाळेच्या गोठ्यावरची तुझी पाळी दुसरी मुलगी घेणार होती, तू पिशवी पण भरली होतीस, आणि मीच म्हणाले की नको येऊस, प्रवासाचे हाल होतात, मॅडमना वाईट वाटेल. तू म्हणालीस, आई, तुम्ही भलत्याच समजूतदार झालात. कसली समजूतदार आणि कसलं काय. तू आली असतीस तर गोठ्यात गेली असतीस.

गोठा रिकामा आहे, माधवी. तांबू गेली. मोरी गेली. आणि तुझी चांदी, जी कालवड असताना तू माहेराहून घेऊन आलीस, ती पण गेली. वसुबारसेच्या संध्याकाळी तिघी गेल्या. तांबूचं वासरू तेवढं वाचलं, कारण ते अजून आईच्या दुधावर होतं.

पाणी पी आणि मग पुढचं वाच. मला एका दमात लिहवत नाही, तर तुला तरी एका दमात कसं वाचवेल.

मे महिन्यात तू बदलापूरला ते तीन दिवसांचं शिबिर केलंस आणि वैरणीच्या ज्वारीचं बियाणं घेऊन आलीस, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. आमच्या सोनिवलीने जन्मभर भात लावला, ज्वारी म्हणजे दुकानातून आणायचं पीठ. तू हट्टाने माळावर पेरलीस आणि मग गाईगुरांच्या सहा महिन्यांच्या कोर्सला घाटावर निघालीस. माझ्या सुजितचं तोंड वाकडं झालं होतं. मीच त्याला म्हणाले, जाऊ दे तिला, धारा मी काढीन. गणपतीनंतर पहिली कापणी केली तेव्हा पुरुषभर उंच वैरण होती. गाईंनी दूध वाढवलं आणि हसणारी माणसंच बियाणं मागायला आली. मी काय तोरा मिरवला सांगू, जसं काय मीच शिकून आले.

मग नवरात्रात तुझा फोन आला. सुजितने स्पीकरवर लावला होता. मी ओटीवर वाल सोलत बसले होते. तू म्हणालीस, कापल्यावर बुंध्यातून जे नवे कोंब येतात ते उन्हाने तहानलेले असले की त्यात विष धरतं. ते वाढून फुलावर येईपर्यंत गाईच्या दाताला लावायचे नाहीत. घाटावर त्याला किराळ लागणं म्हणतात आणि तिथल्या पोराटोरांना पण ते ठाऊक असतं. मी म्हणाले, हो ग बाई, नाही देत. वर चेष्टा केली की आता गवताला पण विष फुटायला लागलं वाटतं. तू हसली नाहीस. मला ते आता आठवतं.

आता वसुबारस. आपल्या घरची रीत तू बघितली आहेस. दिवसभर उपास, संध्याकाळी गाय-वासराची पूजा, आणि बांधावरचं सगळ्यात कोवळं हिरवं आणून गाईला बाईने आपल्या हाताने भरवायचं. यंदा पाऊस गेला आणि ऊन असं तापलं की बांध पिवळे पडले. पलीकडची बाजू टॉवरवाल्यांनी खणून ठेवली आहे. हिरवं असं एकच होतं, माळावर ज्वारीच्या बुडख्यांना फुटलेले कोंब. वीतभर, नाजूक, बघूनच गाईचं तोंड सुटावं असे. मी सुजितला म्हणाले, तेवढं खुडून आण, सणाच्या दिवशी काय पेंढा घालू लक्ष्मीपुढे?

तो थांबला. हे मला तुला सांगायलाच पाहिजे. तो विळा हातात घेऊन थांबला आणि म्हणाला, "आई, माधवी काय बोलली होती आठवतं ना?"

मला आठवत होतं. मी म्हणाले, "तो रोजच्या वैरणीचा नियम. हा पूजेचा घास आहे, पूजेच्या घासाने गाईला काय होणार?"

त्याने भारा भरून आणला. तिघींना पुरेल एवढा.

मी कुंकू लावलं, ओवाळलं आणि पहिला घास चांदीला भरवला, कारण तू घरात नव्हतीस आणि मला वाटलं तुझ्या गाईचा मान आधी. तिने माझा हात ओळखला आणि आपणहून तोंड उघडलं. मग दोघींना दिलं आणि उरलेलं सगळं गव्हाणीत टाकलं. मी तबक घेऊन देव्हाऱ्यापर्यंत पोचले नाही तोच मागून धाडकन आवाज आला. चांदी पडली होती. तोंडाला फेस, श्वास लोहाराच्या भात्यासारखा, आणि पाय नुसते झाडत होती. मग मोरी. सुजित एकीचं डोकं मांडीवर घ्यायचा, तर दुसरी कोसळायची. गुरांचे डॉक्टर बदलापूरहून मोटारसायकलवर तातडीने आले, त्यांनी तांबूला इंजेक्शन दिलं, पण ती पण राहिली नाही. त्यांनी गव्हाणीतले कोंब उचलून बघितले आणि विचारलं, हे कोणी घातलं?

तोवर निम्मं गाव जमलं होतं. शेजारचा कैलास होता, त्याची बायको होती. सुजित म्हणाला, "बियाणं माझ्या बायकोने आणलं. तिनेच सांगितलं होतं, घाला म्हणून."

मी तबक हातात धरून उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी टॉवरच्या साइटवरून जेसीबी आणला आणि माळावर खड्डा केला. ज्या दोन घरांनी तुझ्याकडून बियाणं घेतलं होतं त्यांनी उभी ज्वारी उपटून पेटवली. आणि कैलासने आपल्या लेकीचं, चिमीचं, नाव काढून घेतलं. जानेवारीच्या तुकडीत ती तुझ्या शाळेत येणार होती ना, तूच तिच्या बापाच्या मागे लागून त्याला तयार केलं होतंस. आता तिच्यासाठी वांगणीकडचं स्थळ बघतायत. ती गोठ्यामागे येऊन मला विचारायला लागली, काकी, वहिनी खरंच असं बोलली? पोरीला माझ्याकडून एक शब्द हवा होता. मी म्हणाले, मला काय माहीत ग, मी नव्हते तिथे.

गाई अज्ञानाने मारल्या म्हणू, पण हे मी जाणूनबुजून केलं. भाऊबीज होईपर्यंत गप्प बसले. जेवत होते, झोपत होते, आणि लोक तुझ्या नावाने बोटं मोडत होते ते ऐकत होते.

मग काकडआरतीला देवळात कैलासची बायको सगळ्या बायकांसमोर म्हणाली, सून शिकायला धाडली आणि गोठा धुऊन निघाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथेच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माधवीने बजावलं होतं, सुजितने आठवण करून दिली होती, मी ऐकलं नाही, घास माझ्या हाताचा होता. कैलास पण होता. मी त्याला हात जोडून म्हणाले, चिमीला जाऊ दे, तिचं नुकसान माझ्यापायी करू नकोस.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की गाठ सुटेल. कैलास शांतपणे म्हणाला, "म्हणजे शिकलेलीने सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं होतं, आणि तरी गाई मेल्याच. मग काकी, शिकून उपयोग काय?"   चिमीच्या स्थळाची बोलणी चालूच आहेत.

घरी आले तर सुजित ओटीवर बसला होता. बातमी माझ्या आधी पोचली होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "लोकांनी तुला गाय मारलेली बाई म्हणू नये म्हणून मी तिच्यावर घातलं. ती लांब आहे, तिला कुठे ऐकू येणार होतं." आणि रडला. बाप गेला तेव्हा पण असा रडला नव्हता. माझ्या लेकाने माझ्यासाठी तुझा बळी दिला आणि मी त्यालाच चार लोकांत उघडं पाडलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. अंबरनाथला एमआयडीसीत कंत्राटी हमालीला लागला आहे, डबा स्वतः करून घेतो, माझ्या हातची भाकरी तशीच राहते. त्याने मला जा म्हटलं नाही, राहा पण म्हटलं नाही. म्हणून मी इंदूकडे आले. हीच ती हवापालट. वासरू कैलासकडे दिलं आहे, चिमी त्याला बाटलीने पाजते.

सुजितवर राग धर, तुझा हक्क आहे. मी त्याची वकिली करणार नाही. फक्त तो तुझ्या वाईटावर नव्हता एवढं मला ठाऊक आहे, आणि तेवढ्याने तुझं काही भरून येत नाही हे पण ठाऊक आहे.

आता नीट ऐक. कोर्स सोडून यायचं नाही. तुझा स्वभाव मी ओळखते, पत्र वाचून पिशवी भरायला घेशील. आलीस तर लोक म्हणतील, बघा, तोंड लपवून परत आली, आणि जे खोटं होतं ते खरं होऊन बसेल. घरी तुझ्यासाठी काही राखलेलं नाही. गोठा मोकळा आहे, माळावर खड्डा आहे, आणि नवरा तुझ्या नजरेला नजर देईल की नाही सांगता येत नाही. तरी पुरं करून ये. कैलासला द्यायचं उत्तर माझ्याजवळ नाही. तुझ्याजवळ असलं तर असेल.

आणि माझं एक काम कर. वर्गात किराळाचं पुन्हा निघालं की उठून उभी राहा आणि मॅडमना सांग, कोवळं देऊ नका एवढं बोलून भागत नाही. सणाचं नाव घेऊन बजावा. वसुबारसेला देऊ नका, पूजेला देऊ नका, मूठभर पण देऊ नका, असं सांगा. आमच्यासारख्या बायका विष हा शब्द ऐकतात, आणि तो देवाच्या कामाला लागू नाही असं धरून चालतात. तुझ्या वर्गातल्या पोरी घरी जातील तेव्हा त्यांच्या सासवांना हे ऐकू येऊ दे.

कोण होती ती बाई असं कोणी विचारलं तर पुटपुटू नकोस, नाव सांग. सोनिवलीची बकुळा. माझी सासू, असं पण सांग. त्याची लाज तू वाटून घेऊ नकोस, ती माझी आहे, माझ्याकडेच राहू दे.

थंडीत कान बांध. उत्तर नाही लिहिलंस तरी मी समजेन.

तुझ्या चांदीने जिचा हात ओळखला होता, ती
बकुळा