बुडालेली पावडर

तीर्थस्वरूप मामांना वाकून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? मामी गुडघ्यांना तेल लावते ना? (लावत नसेल तर मी विचारलं म्हणून सांगू नका.)

मामा, या खुर्च्यांच्या कारखान्यात लागून दोन महिने झाले आणि मी रोज थक्क होतोय. प्लास्टिकच्या खुर्चीत चक्क दगडाची भुकटी असते, हे तुम्ही जन्मभर सांगत होतात आणि मी जन्मभर जांभया देत होतो. पण नुसती भुकटी प्लास्टिकशी जमवून घेत नाही. तिच्या गुठळ्या होतात, खुर्ची तडकते. कणाकणावर मेणासारखा पातळ थर चढवला की तीच भुकटी प्लास्टिकला अशी बिलगते, की आमचे अगडबंब स्टोअरकीपर खुर्चीवर उभे राहून ट्यूबलाइट बदलतात! थर किती? पोतंभर भुकटीला एक-दोन ओंजळी. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. मग ओळखायचा कसा? लॅबच्या बाईंनी दाखवलं: ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकायची. साधी बुडते, थर दिलेली तरंगते. दगड तरंगतो, मामा! मी पहिल्या दिवशी अकरा वेळा टाकून पाहिली. (त्यातला एक ग्लास बाईंच्या प्यायच्या पाण्याचा निघाला.)

तर काल बाई रजेवर असताना थर दिलेल्या पावडरचा एक ट्रक आला. पहिलीच स्वतंत्र तपासणी, त्यात मी मामीच्या शिस्तीत वाढलेला. ग्लास साबणाने लखलखीत घासला. चिमूट टाकली, गपकन तळाला. दुसरी टाकली, तीही. मी ‘नापास’चा शिक्का मारला, ट्रक परत पाठवला आणि वर ड्रायव्हरला प्रामाणिकपणावर दहा मिनिटं ऐकवलं. आज बाईंनी उरलेला नमुना स्वतःच्या ग्लासात टाकला. तरंगला! माझा ग्लास हुंगून म्हणाल्या, “साबण नीट विसळला नाहीस. साबणाच्या पाण्यात चांगली पावडरही बुडते रे.” आता परवापर्यंत पावडर आली नाही तर मशीन बंद, आणि मशीन बंद तर मी घरी. साहेबांनी हे अगदी शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटतेय.

बाकी सगळं ठीक.

तुमचा भाचा

ता. क. ट्रक तुमचाच होता, हे एव्हाना कळलंच असेल. तोच उद्या पुन्हा पाठवा ना. फोन करायचं धाडस होत नाही, म्हणून पत्र स्टोअरकीपरांच्या हाती देतोय. भाषणातलं “मामा असले म्हणून काय झालं?” हे वाक्य माझंच, ड्रायव्हरने पदरचं घातलेलं नाही.

आणखी एक ता. क. शिक्का मारलेला नमुना पुन्हा का तपासलात, असं बाईंना विचारलं. म्हणाल्या, “वीस वर्षांत त्यांचा माल कधी बुडाला नाही. तो बुडाला म्हटल्यावर मी ग्लासच बघणार ना?” मामा, तुमच्याच घरात वाढलो आणि तुम्ही काय चीज आहात हे मला परक्या माणसाकडून कळलं. ग्लास मी आता नुसत्या पाण्याने धुतो. (हे मात्र मामीला अजिबात सांगू नका.)