कॉलरींची उशी

प्रिय ताई,

पत्र बघून हसशील. रोज फोनवर बडबडणारी ही बया आज कागदावर कशी उतरली? फोनवर आई शेजारीच असते गं, आणि मला सांगायचंय ते तिच्यासमोर तोंडातून निघत नाही.

आठवतं? शाळेतून आलो की दप्तरं फेकायची आणि मशीनखाली घुसायचं. आई शर्टांच्या कारखान्यासाठी उलट्या बाजूनं शिवलेल्या कॉलरी खाली सोडायची, आपण त्या सुलट करून टोकं काढायची. तुझ्याकडे शिसं संपलेली पेन्सिल, माझ्याकडे चमच्याचं दांडकं, म्हणून माझी टोकं कायम बोथट. "अगं, शर्टाची कॉलर आहे, हत्तीचा कान नाही," म्हणत आई वरूनच पायानं ढोसायची. मशीन सुरू झालं की फरशी थरथरायची. ती थरथर अजून पाठीत आहे माझ्या.

हे सगळं मी कॉलेजच्या अंकात लिहिलं होतं. "आम्ही तिघी मिळून कॉलरी शिवायचो," असं ऐटीत. आईनं तो अंक गल्लीभर मिरवला. आणि फिरत फिरत तो कारखान्याच्या वकिलाच्या हाती लागला, ताई.

केस तुला माहितीये. कारखान्यात बसून शिवणाऱ्यांना पेन्शन लागली, घरी शिवणाऱ्यांना नाही, म्हणून आई कोर्टात गेली. परवा वकिलानं माझी गोष्ट भर कोर्टात वाचली. वर म्हणाला, "कामगार म्हणजे कारखान्यात येऊन स्वतः राबणारा. ही बाई घरी बसून मुलींकडून काम करून घेत होती. ही कसली कामगार? ही तर ठेकेदार." आई आणि ठेकेदार! तिचा ठेका चालायचा आपल्या दोघींवर, तोही धपाट्यांच्या जोरावर. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "वाचला छान त्यानं. छापलेलं नसतं, तुझं अक्षर असतं, तर त्याला लागलंही नसतं."

आपल्या वकीलबाई धीर सोडत नाहीत. म्हणतात, कामगारांच्या भल्यासाठी केलेल्या कायद्यातले शब्द कोर्ट हात आखडून वाचत नाही. बाई बसली कुठे, एवढ्यावरच भागत नाही. पोरींनी टोकं काढली म्हणून काम आईचं नव्हतं, असंही होत नाही. शिवलेलं नापसंत करून परत शिवायला लावायचा हक्क कोणाचा होता, हे बघतात. ज्याचा हक्क, तो मालक.

आता इथंच गाडं अडलंय. ते कारखान्याचा माल तपासणारे चष्मेवाले चेकरकाका, ज्यांची सायकल वाजली की आपण मशीनखाली आणखी आत सरकायचो, शपथ घेऊन सांगून गेले, "परत कधीच दिलं नाही. चांगलं तेवढं घ्यायचो." आईनं किती संध्याकाळी उसवण्यात घालवल्या! पण पुरावा? दुरुस्त केलेला माल तर शर्टांना लागून कधीच गेला.

काल आई फाटकी चादर शिवत होती. तिला सुईत ओवून देताना माझ्या हातून दोरा तुटला आणि एकदम तुझी उशी आठवली. उसवूनही न सुधारलेल्या कॉलरी कोंबून आईनं केलेली, दगडासारखी. तिच्यावरून आपण झिंज्या उपटल्या होत्या. लग्नानंतर तू ती गुपचूप नेलीस, आणि मी वर्षानुवर्षं तुला चोर म्हणत आले. बरं झालं चोरलीस, बाई! त्या प्रत्येक कॉलरीवर आतून कारखान्याचा लाल शिक्का आहे: 'परत'.

आईला हे आज सकाळी सांगितलं. तिनं हातातली चादर खाली ठेवली. मग म्हणाली, "आहे का अजून तिच्याकडे?" हेच मला फोनवर विचारवेना. नसेल, तर आधी मला एकटीला कळव. असेल, तर कोणाच्या तरी हाती लगेच पाठव, तारीख पुढच्या आठवड्यात आहे. धुऊ नकोस. आणि उसवून तर मुळीच बघू नकोस. आई म्हणते, "जन्मभर त्यांच्या सांगण्यावरून उसवलं. ही मी उसवीन, जजसाहेबांसमोर."

तुझंच,
शेपूट