खोकला क्रमांक चार

१६ सप्टेंबर, सकाळ
आजपासून संयम आणि काम. अंध संघाच्या बोलत्या वाचनालयाला कायमचा वाचक नेमायचाय. उमेदवार दोन: मी आणि मुयस्सर. एकच कथा, अर्धी तिने वाचायची, अर्धी मी. पंधरा ऑक्टोबरला, पांढऱ्या काठीच्या दिवशी, ती सभागृहात ऐकवायची आणि तिथेच आवाजी मतदान. एडिटिंगही माझ्याकडेच, कारण अख्ख्या कोकंद शहरात ते माझ्याइतकं कोणाला येत नाही. निकाल लागल्यात जमा आहे.

१९ सप्टेंबर
बोतिर-आकांनी एडिटिंगचा नवा प्रोग्राम आणला. बोतिर-आका, म्हणजे बोतिरदादा, आमचे अध्यक्ष. डोळस, त्यामुळे काही कळत नाही. म्हणाले, दिसायला काय सुरेख आहे! माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून सांगणारा बडबड्या, त्यात एकाही बटणाचं नाव सांगेना. बटण. बटण. बटण. सेव्ह कुठलं, डिलीट कुठलं, खुदा जाणे.
मुयस्सर म्हणाली, एर्गाश-आका, जुनाच वापरा की, सगळं कीबोर्डवर चालतं. 'जुना' म्हणताना माझ्याकडे तोंड होतं, आवाजावरून कळतं. मी नवाच वापरणार.

२३ सप्टेंबर
शोध लावला! नव्यात सेव्ह होत नाही ना? नव्यात वाजवायचं, आणि कॉम्प्युटरमधून जो आवाज निघेल तो जुन्यात रेकॉर्ड करायचा. मुयस्सरला हे जन्मात सुचलं नसतं.
ओयदिन, माझी बायको, चहा ओतता ओतता म्हणाली, अहो, मग तुमचा बडबड्यापण त्यात जाईल की. संघाच्या कारखान्यात ब्रश बांधणारी बाई मला रेकॉर्डिंग शिकवणार. बडबड्या वीस वर्षं माझ्या कानात आहे, मला तो ऐकूसुद्धा येत नाही. शिवाय त्याचा वेग इतका वाढवलाय की डोळसांना रातकिडा वाटतो. आम्हा अंधांना मात्र शब्द न् शब्द कळतो.

२७ सप्टेंबर
मुयस्सरचं रेकॉर्डिंग केलं. ब्रेलवर बोटं फिरवत वाचते. एक अडखळ नाही, एक खोकला नाही. संशयास्पद. माणूस असं वाचत नाही. श्रोत्यांना खरं चित्र कळावं म्हणून चारदोन खोकले घालावे लागणार. मनात वैर अजिबात नाही.

२९ सप्टेंबर, सकाळ
ओयदिन सकाळी खोकते. ब्रशच्या केसांची धूळ म्हणे. महिना झाला की वर्ष, कोण लक्ष ठेवतो? आज तिच्या उशीशी माइक धरला. ती चाचपडून म्हणाली, डॉक्टरला ऐकवणार का हो? त्याच्यासमोर मेला खोकला येतच नाही, तो म्हणतो बाई तुम्हाला काही झालेलं नाही. मी हो म्हणालो. इतकी खूश झाली की भोपळ्याचं सारण भरून समसे केले. चांगले होते, मीठ कमी.
खोकला क्रमांक चार उत्तम आलाय. खोल, ओला, दमदार.

४ ऑक्टोबर
खोकल्यांचा आवाज वरच्या पट्टीत चढवला. आमच्या लोकांचे कान फार तिखट, जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखतात. आता ओयदिनची आईसुद्धा ओळखणार नाही. बदललेला आवाज मूळ फाईलवरच सेव्ह केला. पसारा मला खपत नाही.

१० ऑक्टोबर
काम पूर्ण. जुन्यात रेकॉर्डिंग चालू ठेवून, नव्यात मुयस्सरचं वाचन वाजत असताना नेमक्या जागी खोकल्याच्या फाईलवर जायचं आणि एंटर मारायचा. दोइरा डफावर थाप मारावी तशी बोटं पडली. माझ्या अर्ध्यात तीन ठिकाणी वाक्यं गिळली गेली, पण ती लेखकानेच वाईट लिहिलीत.
सगळं परत ऐकलं. निर्दोष. मध्ये मध्ये बडबड्या काहीतरी बोलत होता, तो बोलतच असतो.
ओयदिनने विचारलं, डॉक्टरकडे कधी? पंधरानंतर, म्हटलं. संकल्प: निवड झाली की तिच्याशी गोड बोलायचं.

१५ ऑक्टोबर
सभागृह भरलेलं. मुयस्सरचं वाचन सुरू झालं. पहिल्या खोकल्याला लोक हसले. मी खूश. दुसऱ्याला जास्त हसले. बोतिर-आका माझ्या कानाशी म्हणाले, रातकिडा छान घातलास हो, गावाकडचं वाटतं.
रातकिडा मी घातला नव्हता.
मग मलाही ऐकू आलं. प्रत्येक खोकल्याच्या आधी बडबड्या, माझ्याच वेगात, फाईलचं नाव सांगत होता: ओयदिन खोकला तीन, मुयस्सरसाठी, एंटर. ओयदिन खोकला चार, ओला, मुयस्सरसाठी, एंटर. चौथ्याला कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, अरे लाज वाटते का, बायको आहे ना तुझी?
माझ्या शेजारी ओयदिन खोकली. खालच्या पट्टीत. मग तिची काठी दाराकडे गेली. तिच्यामागे मुयस्सरची.
बोतिर-आकांना काहीच कळलं नव्हतं, त्यांनी मतदान घेतलं. माझ्या नावाला एकच आवाज आला. तो माझाच होता.

१७ ऑक्टोबर
सगळा दोष नव्या प्रोग्रामचा. संघाला कडक पत्र लिहिणार. ओयदिन मुयस्सरकडे राहते आहे. राहू दे. चहा मला करता येतो. घरात आता खोकणारं कोणी नाही, कामं भराभर व्हायला हवीत. एकही झालेलं नाही. पत्रसुद्धा.

२० ऑक्टोबर, दुपार
ओयदिनचा फोन. मुयस्सर तिला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली आहे. तिथेही खोकला येईना. डॉक्टर म्हणतात, सकाळी कसा येतो ते ऐकायला मिळालं तर बरं. ओयदिन म्हणाली, अहो, तो चार नंबरचा पाठवता का? सगळे म्हणत होते स्पष्ट आलाय.
शोधला. सगळ्या फोल्डरांत शोधला. बडबड्याचा वेग कमी करून, एकेक नाव ऐकत. चढवलेल्या पट्टीतलाच मिळाला. लावून पाहिला. भलत्याच कोणा बाईचा खोकला.
फोन केला. म्हटलं, ओयदिन, तुझा आवाज माझ्याकडे नाहीये.
ती म्हणाली, ठाऊक आहे. आणि खोकली. मी रेकॉर्डचं बटण शोधेपर्यंत तिने फोन ठेवला होता.