चौसष्ट बाइटांचा समुद्र

मी, या घराची मालकीण, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली प्रोग्रामर, हे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात थरथरतो, डोके नाही. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण चालते असे म्हणणारा अजून भेटायचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरण्याचा विचार नव्हता.

कलम १. राहते घर माझ्या एकुलत्या मुलीला द्यावे. मात्र माझे पती, म्हणजे आमचे 'हे', हयात असेपर्यंत पुढच्या खोलीवर त्यांचा हक्क राहील. खिडकीजवळची आरामखुर्ची हलवू नये, तिची जागा त्यांच्या पायांना पाठ आहे. मुलीने त्यांना स्वतःकडे नेले तर खुर्चीही न्यावी, आणि कलम ४ वाचल्याशिवाय सामान बांधायला घेऊ नये.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी ह्यांना, निम्मी मुलीला. मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हरचा डबा कारखान्यातल्या मैत्रिणीला. ती तो सतत मागून न्यायची आणि परत करायला विसरायची. आता खुशाल विसरावे.

कलम ३. धाकटे दीर माझे काम पाहून म्हणाले होते, "वहिनी, एवढे महिने खपलात आणि एवढंसं चित्र? डोंगर पोखरून उंदीर काढलात की!" मी आयुष्यभर कळफलकावरच काम केले. संगणकासोबत आलेला माउस खोक्यात कोरा पडून आहे. तो दीरांना द्यावा.

कलम ४. माझ्या मालकीची सगळ्यात मौल्यवान वस्तू चौसष्ट बाइटांची आहे. इंग्रजीतल्या एका अक्षराला संगणकात एक बाइट जागा लागते. म्हणजे दुधवाल्यासाठी दाराला अडकवलेली चिठ्ठीही याहून मोठी भरेल. कारखान्यात चिपमध्ये जागा इतकी कमी असे की 'पाणी घे, घुसळ, पीळ' एवढे सांगतानाही काटकसर करावी लागे. ती सवय हाडांत मुरली. पुढे माझ्यासारखेच काही खुळे भेटले. वर्षातून एकदा सभागृहात जमायचे, असेंब्लीत, म्हणजे थेट यंत्राच्या बोलीत, लिहिलेली इवलीशी हलती चित्रे पडद्यावर लावायची आणि टाळ्या पिटायच्या. कोणी ढग आणायचा, कोणी ज्वाळा. जितके कमी बाइट, तितका मान मोठा.

हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नजर अधू होऊ लागली तेव्हा एकदा म्हणाले, "समुद्र नीट बघायचा राहिलाच की गं." आता त्यांना चेहरे दिसत नाहीत, माझाही नाही. फक्त उजेड, रंग आणि हालचाल कळते. म्हणून मी समुद्र लिहिला.

दिवेलागणीला जुना संगणक सुरू करते. आधी पडदा काळा असतो. मग खालून निळे उमलते, त्यावरून एक फिकट रेघ चालत येते, विरते, तिच्यामागून दुसरी येते. खोलीच्या भिंती निळ्या होतात, ह्यांचा सदरा निळा होतो, माझे हातसुद्धा. कधी माझा डोळा लागतो, आणि जाग येते तेव्हा क्षणभर खरेच वाटते की आम्ही दोघे पाण्यात पाय सोडून बसलो आहोत आणि कोणालाच कुठे जायचे नाही. एकदा हे म्हणाले, "आज निळ्यात पांढरा जरा जास्त पडलाय."

"फेस आहे तो," मी म्हटले.

"मग बरोबर आहे."

आता अडचण सांगते. हा समुद्र त्या जुन्या संगणकावरच चालतो. यंत्र सुरू होते तेव्हा त्याच्या खिशात काही आकडे आधीच पडलेले असतात; बाइट वाचवायला मी तेच वापरले. लाटांना 'हळू' म्हणायलाही जागा नव्हती. यंत्र संथ होते, तीच लाटांची चाल झाली. मुलीच्या नव्या संगणकाच्या खिशात वेगळे आकडे. त्यावर लावला तर लाटा पिसाळून धावल्या आणि हे खुर्चीतून उठलेच. "बंद कर, डोळ्यांत जातंय," म्हणाले. मुलीने जुन्यावरच्या लाटांचा व्हिडिओ काढून दिला. दुसऱ्या संध्याकाळी हे म्हणाले, "ही लाट काल येऊन गेली."

त्या संगणकाच्या आणि माझ्या प्रकृतीत आता फारसा फरक नाही. सुटे भाग दोघांचेही मिळत नाहीत. आम्ही दोघे गेल्यावर ह्यांच्यापुढे नुसता अंधार उरेल, एवढाच घोर माझ्या जिवाला लागला आहे.

कलम ५. म्हणून हा समुद्र मी कात्रीला देत आहे. कात्री कोण ते आमच्या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतो आणि हौसेने दुसऱ्यांचे प्रोग्राम कापतो. माझ्या बोगद्याच्या चित्राला टाळ्या चालू असतानाच हा गृहस्थ उठला आणि सगळ्यांदेखत त्यातले दोन बाइट उडवून दाखवले. बोगदा तसाच चालत राहिला. वर म्हणतो, "ताई, राग मानू नका." मी मानला. तेव्हापासून अबोला आहे. हा राग मी कोणाच्याही नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

पण समुद्राला हात लावण्याची अक्कल दुसऱ्या कोणाला नाही. कात्रीने तो नव्या यंत्रावर बसवावा, लाटा संथ कराव्यात, आणि ह्यांच्यापुढे लावून पाहावा. हे पांढऱ्याबद्दल कुरकुरले की काम झाले असे समजावे. चौसष्टची अट मी उठवत आहे. हवे तेवढे बाइट घे रे बाबा, ऐसपैस लिही. मी मोजायला नसेन.

कलम ६. माझ्यामागे भाषणे नकोत. ज्याला फारच बोलावेसे वाटेल त्याने चौसष्ट अक्षरांत आटपावे.

सही: (वेडीवाकडी, पण माझीच)
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: चौदा तारीख, शुक्रवार, दिवेलागण

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: ~~लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ~~ खालच्या मजल्यावरचे चावीवाले

खाडाखोडीबद्दल खुलासा: दुसरा साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यालाच बोलावले होते. चूक राहिली असेल तर तोच पकडेल, आणि मला तोंडाने काही सांगावे लागणार नाही, असा हिशेब होता. कात्री म्हणजे हाच, हे कागद तपासायला आलेल्या वकीलबाईंना माहीत नव्हते. त्यांनी सगळे वाचून दाखवले. त्याने सहीसाठी पेन उचलले, तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा हं, साक्षीदाराला यातून काही मिळत नाही. त्याच्या नावे काही असेल तर ते रद्द होतं."

त्याने पेन खाली ठेवले. समुद्र चालू होता. तो उठून पडद्यासमोर जाऊन उभा राहिला.

"कोण आहे? लाट अडतेय," हे म्हणाले.

तो पटकन बाजूला झाला आणि ह्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला. बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, "ताई, सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या. आणि ती ऐसपैसची ओळ खोडा. चौसष्टातच बसवतो."

त्याचे नाव मीच खोडले आहे. ती ओळ खोडलेली नाही, लागली तर असू दे. हे त्याला सांगू नये.