पाहुण्यांचं शेवटचं कार्ड

३ जून, सोमवार

आज नोकरीवर रुजू झालो. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला नोकरी लागते हे सांगूनही कुणाला पटणार नाही. नर्सिंगच्या शाळेत शरीरशास्त्राच्या खोलीचा राखणदार. काम हलकं आहे. खोली उघडायची, नमुने पुसायचे, तास संपला की सगळं जागच्या जागी लावायचं. राहायला फाटकाजवळ खोली दिली आहे. खिडकी आहे, नळ आहे. खाट कुरकुरते, पण मीही कुरकुरतोच, तेव्हा आमचं जमेल.

खरं कारण नात. माझ्या मुलाची मुलगी इथे पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. याच विषयात ती एकदा नापास झाली. पुन्हा झाली तर गाशा गुंडाळून घरी यायचं, असं तिच्या बापानं ठणकावलं आहे. परीक्षा सतरा तारखेला. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही जवळ असलात की मला धीर येतो. मला स्वतःला जन्मात कधी धीर आलेला नाही, पण ते तिला बोललो नाही.

ही वही तिनेच दिली. म्हणाली, काळजी डोक्यात साठवू नका, वहीत उतरवा.

४ जून, मंगळवार

खोलीत मधोमध टेबलावर एक पुतळा आहे. नुसतं डोकं आणि धड. अर्धा चेहरा कातडीचा, अर्धा सोललेला. पोट उघडं, आणि आतला एकेक अवयव सुटा काढता येतो. मुली त्याला ‘पाहुणे’ म्हणतात, कारण बिचारा कायम कुणीतरी चहा विचारेल म्हणून बसल्यासारखा दिसतो. झाडू मारायला येणाऱ्या मावशींनी माझी ओळखही करून दिली. पाहुण्यांना म्हणाल्या, हे नवे आजोबा, तुमच्यासारखेच आहेत, फक्त यांचं झाकण बंद आहे.

माझ्या आधी वीस वर्षं इथे एक मामा होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांनी प्रत्येक अवयवावर खडबडीत आकडे रंगवून ठेवलेत, एक ते अठरा, आणि आकड्यांच्या क्रमानं ते परत बसवायचे. दिसायला फार वाईट दिसतं. मुलींना पाहुण्यांना हात लावायची मनाई आहे. हा विषय शिकवणाऱ्या मॅडम लांबून काठीने दाखवतात.

मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शाळा सातवीपर्यंतच, पण अक्षराला कुणी नाव ठेवलेलं नाही. मॅडमना विचारलं, आकडे खरवडून काढतो आणि सुबक नावांची कार्डं लावतो, चालेल का? त्या म्हणाल्या, आजोबा, चालेल काय, धावेल.

६ जून, गुरुवार

आकडे सगळे गेले. घासून घासून बोटं सोलली. मॅडमनी नावांची यादी दिली आहे.

अडचण अशी, की पाट्या रंगवताना अक्षर माझं आणि अर्थ गिऱ्हाइकाचा असायचा. इथे तसं बरं वाटेना. मॅडम मुलींना सांगतात, स्वतःच्या अंगावर हात ठेवून नाव घ्या म्हणजे लक्षात राहतं. मी त्यात आपली भर घातली. डाव्या हातात पाहुण्यांचा अवयव, उजवा हात स्वतःच्या अंगावर त्याच जागी, आणि मोठ्याने नाव. मग कार्ड रंगवायचं. यकृत, उजवीकडे, बरगड्यांच्या आत. प्लीहा, डावीकडे. मूत्रपिंड, पाठीला. आज लाळग्रंथीही झाली, ती जबड्याशी.

मॅडम दारातून बघत होत्या. फार आवडलं त्यांना. म्हणाल्या, या वेळी तोंडी परीक्षा अशीच घेऊ या, प्रत्येकीच्या हातात एक अवयव द्यायचा. मनाई उठली! सातवी शिकलेल्या माणसाची पद्धत परीक्षेला लागली. आनंदाच्या भरात रात्रीचं जेवण घशाखाली गेलं नाही. तोंड नुसतं कोरडं पडलं होतं.

८ जून, शनिवार

तोंड अजून कोरडंच आहे. पाणी संपवून संपवून नळावर फेऱ्या चालू आहेत. मात्र मन लावून जबड्याशी लाळ ‘आणली’ की येते. वयाचं काहीतरी असेल.

सकाळी पाहुण्यांची हनुवटी ओली होती. छत गळत नाही, पाऊसही नाही. मावशी म्हणाल्या, एवढी कोवळी पोरं समोर बघून पाहुण्यांना लाळ सुटली. मी हसलो.

आज पापणी झाली. जठर झालं. आतडी झाली, ती परत कोंबताना घाम फुटला.

मॅडमचा मूड चांगला होता म्हणून हळूच विनंती केली, की परीक्षेत माझ्या नातीला हृदय द्या, ते तिचं सगळ्यात पक्कं आहे. हो-नाही करत कबूल झाल्या. नातीला सांगितलं तर तिने मला उचलायचंच बाकी ठेवलं.

१० जून, सोमवार

काल दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. आज आरशात बघितलं. माझी पापणी लवत नाही. मनात म्हटलं की लवते, नाही म्हटलं की उघडीच राहते. मिनिटभर उघडी ठेवून बघितली. दोन मिनिटं. डोळा जळतो पण पापणी आपण होऊन हलत नाही.

शाळेचे डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी डोळे कोरडे पडतात. थेंब दिले. डोळे थोडे पिवळे आहेत, असंही म्हणाले.

जेवण पोटात पडून राहतं, दगडासारखं. हात ठेवून ‘चल’ म्हटलं की जरा हलतं. मग विसरलो की थांबतं.

श्वासपटलाचं कार्ड आज पूर्ण केलं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, त्याच्या खालीवर होण्याने श्वास चालतो. आता फक्त हृदय राहिलं. त्याच्यासाठी चांगला लाल रंग मागवला आहे, तो आला की रंगवीन.

११ जून, मंगळवार

झोपेतून गुदमरून उठलो. तीन वेळा. श्वास चालत नव्हता. मी घेतला तेव्हा आला.

आता लिहितानाही घेतो आहे. आत. बाहेर. आत. बाहेर. लक्ष दुसरीकडे गेलं की थांबतो, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले की आठवतं.

खोली उघडली. पाहुण्यांच्या पोटावर हात ठेवला. जठर कोमट होतं. गुरगुरलं. पापणी, प्लास्टिकची पापणी, माझ्यासमोर एकदा मिटली आणि उघडली. आणि तो पडदा खालीवर होत होता. अगदी सावकाश, निवांत. जेवून लवंडलेल्या माणसासारखा.

माझं सगळं तिकडे चालू आहे.

१२ जून, बुधवार

जुन्या मामांना फोन लावला. लेकीकडे असतात. ऐकू कमी येतं, मला तर एका दमात चार शब्द बोलता येत नाहीत. कसंबसं विचारलं, वीस वर्षांत तुम्हाला काही झालं का?

ते हसत सुटले. म्हणाले, मला काय धाड भरलीय? पंच्याऐंशीचा आहे, अजून दात आहेत. मी विचारलं, मग आकडेच का? म्हणाले, अहो, मला वाचता कुठं येतंय? बारा नंबर काढायचा, बारा नंबर बसवायचा. मी त्याच्यातल्या कुणालाच कधी नावानं हाक मारली नाही.

फोन ठेवला आणि सगळी कार्डं फाडली. सतरा. काही उपयोग झाला नाही. नावं कार्डावर नाहीत, माझ्यात आहेत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस मी. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तिचा आवाज विसरलो. आणि ही सतरा नावं विसरता येत नाहीत. देवा, एवढं तरी विसरू दे.

श्वासपटल. श्वासपटल. बघ, पुन्हा.

१३ जून, गुरुवार

मावशी केर काढता काढता माझी नक्कल करत होत्या. डाव्या हातात जठर, उजवा पोटावर, म्हणाल्या, बघा आजोबा, मी पण शिकले, जठर! मी ओरडायला गेलो तर श्वासच चुकला.

दुपारभर त्यांच्या मागे मागे फिरलो. मावशींनी दोन केळी खाल्ली, ढेकर दिली, आणि माझ्यावर लाइन मारताय काय आजोबा, म्हणून खोलीभर हसल्या. त्यांना काही झालं नाही.

म्हणजे पाहुण्यांना एकेकच हवं. जठर त्यांना माझं मिळालेलं आहे. जे मिळालंय त्यासाठी ते दुसऱ्याकडे हात पसरत नाहीत.

मिळालं नाही ते एकच. आणि ते सोमवारी कुणाच्या हातात द्यायचं, हे मीच ठरवून ठेवलं आहे. मीच. विनंती करून.

१४ जून, शुक्रवार

नातीला चिठ्ठी लिहिली, बोलवत नाही म्हणून. हृदयाला हात लावू नकोस. लावलास तरी नाव घेऊ नकोस. सगळं खरं लिहिलं.

तिने वाचली. डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाली, आजोबा, तुम्ही माझ्या परीक्षेचं किती टेन्शन घेतलंत. मग बाहेर जाऊन बापाला फोन केला. दारातून ऐकू येत होतं. आजोबांचं काहीतरी बिघडलंय, परीक्षा झाली की त्यांना घेऊन जा.

झोप नाही. डोळा लागतो, श्वास थांबतो, उठतो. असं शंभरदा.

मॅडम वर्गात सांगत होत्या, यकृत पाचशेच्या वर कामं करतं. पाचशे. मला त्यातली चारही माहीत नाहीत. ती मी कशी करू? पाय सुजलेत. लघवीला मूत्रपिंडाला सांगावं लागतं, आणि काय सांगायचं ते कळत नाही—

१५ जून, शनिवार

हृदय फडक्यात गुंडाळून बागेच्या कोपऱ्यात पुरायला निघालो. आधी दगडाने ठेचायला गेलो. फुटत नाही, चांगलं जाड आहे. खड्डा अर्धा झाला तेव्हा नात आली. माझ्या हातून घेतलं. ओढणीने पुसलं. नाव नाही घेतलं— नाही घेतलं, मी तिच्या ओठांकडेच बघत होतो—

मॅडमनी ते स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलं. सोमवारी सकाळी मांडायला देईन, म्हणाल्या. आजोबा, आता आराम करा.

आराम. आत. बाहेर.

१६ जून, रविवार

खोलीला कुलूप. किल्ली मॅडमकडे. काचेतून बघितलं.

पाहुणे माझ्याकडे बघत होते. पापणी लवली. त्यांच्या अंगाला रंग आला आहे. छातीत डाव्या बाजूला तेवढं भोक काळं दिसतं. जणू—

पापणी मिटायची राहिली. मिटली.

परीक्षेला बसू नकोस म्हटलं तर ती नापास. बाप घरी नेणार. नाही म्हटलं तर. तिला दुसरं काही द्या म्हटलं तर हृदय दुसरी कुणीतरी उचलणार. चाळीस जणी आहेत. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या नाती.

एकच रस्ता आहे. तो गुरुवारपासून माहीत आहे. मी इकडे-तिकडे बघत होतो, दुसरा कुठला असेल तर. घाबरट माणूस आहे मी. कुणी बाजूला असतं तर—

लाल रंग आला आहे.

१७ जून, सोमवार

साडेनऊ. मॅडमनी हृदय दिलं, नीट मांडा म्हणाल्या. दहाला परीक्षा.

कार्ड रंगवलं. अक्षर बरं आलं.

डाव्या हातात ते. उजवा छातीवर. नाव घेतलं.

शांत झालं. इतकं शांत कधीच नव्हतं. जन्मल्यापासून आत कुणीतरी चालत होतं, ते उभं राहिलं.

मग मी मनानेच आतून दाबलं. सोडलं. दाब. सोड. जमतं. बसवलं त्यांच्या छातीत. लगेच चालू झालं त्यांचं. धडधडायला लागलं.

कोपऱ्यात स्टुलावर बसलो आहे. लिहिलं की ठेका राहतो. दाब. आत. सोड. बाहेर. पापणी.

मुली आल्या. नात पहिलीच. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो. घे. आता घे.

डाव्या हातात घेतलं. उजवा छातीवर. नाव घेतलं—

काही झालं नाही. तिला काही झालं नाही. गाल लाल. उभी आहे. दाब. सोड.

चार कप्पे, म्हणाली. दोन वर, दोन खाली. बरोबर. दाब. आत. मिनिटाला बहात्तर, म्हणाली. बहात्तर— मला एवढं कुठे— सोड

मॅडमनी विचारलं, हे चालवतं कोण. म्हणाली, कुणी नाही. आपोआप चालतं.

बरोबर. दाब.

मॅडम टाळ्या. तिने इकडे बघितलं. हसते आहे. मीही. सोड. दाब. हसायला कुठला अवयव लागतो, त्याचं कार्ड नव्हतं, ते अजून माझं— हस—