राक्षसाची जागा रिकामी

इंदिरानगर, नाशिक
४ मे २०२५

ती. शेखरमामांस दिशाचा शि. सा. न.

तुमच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट माळ्यावर सापडल्या. इथल्या द्वारका चौकातल्या एका दुकानदाराने व्हीसीआरही चालू करून दिला. दादाची चैताली सुट्टीला आली आहे, म्हणून तिला लाल झग्यातल्या उडणाऱ्या हिरोचं कार्टून लावलं. मामा, किती फसवलंत आम्हाला! पंचवटीत राहायचो तेव्हा इंग्रजी कळायचं नाही, म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून सगळ्यांचं तुम्हीच बोलायचात. राक्षसाच्या मागे लागून कुणाची भिंत फोडली, की तुमचा हिरो रविवारी सिमेंट घेऊन येतो असं घरमालकिणीला सांगून जायचा. खरा हिरो भिंत फोडतो आणि सरळ उडून जातो! माझ्या हातून कुणाचा कप फुटला तर मी आजही दुसरा नेऊन देते, ते त्याच्याकडे बघून. आता कुणाकडे बघू?

चैताली म्हणते, हा उद्धट आहे, मामाआजोबांचा लाव. मग मीच बोलून पाहिलं. तर आत्याचा राक्षस दारात चपला काढून आत येऊ का विचारतो, अशी तिची तक्रार.

तुम्ही याल का? घशाच्या ऑपरेशननंतर तुम्ही फोनवर बोलत नाही, म्हणून हे पत्र. डॉक्टरांना मी परस्पर विचारलं, रागावू नका. बोलणं असंच टाळलं तर राहिलेला आवाजही जाईल म्हणाले. मामींना नमस्कार. आगाऊपणा पोटात घालून माया ठेवावी.

तुमची,
दिशा

सटाणा
९ मे

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

तक्रार मान्य. पोरांना नुसती मारामारी दाखवू नकोस, अशी तुझ्या आईची तंबी होती. म्हणून माफी घुसडली.

कंडक्टर होतो तेव्हा एका हाकेत अख्खी एसटी मागे सरकायची. आता बोललो की पत्रा ओढल्यासारखं वाटतं. परवा दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणालो, तर त्याने दचकून किटलीच सांडली. तुझी मामी हसली, मी नाही. तेव्हापासून घरात चिठ्ठ्या लिहितो. असला हिरो लेकराला कशाला ऐकवायचा? तूच बोल.

डॉक्टरांना विचारलंस ते आवडलं नाही. पण तुझ्या काळजीवर रागवायचं तर दुसरं काम उरणार नाही. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
मामा

इंदिरानगर
१३ मे

ती. मामांस शि. सा. न.

तुमचं पत्र चैतालीला वाचून दाखवलं. आधी विचारायला हवं होतं, माफ करा. दूधवाल्याचं ऐकून ती सोफ्यावर उभीच राहिली. हिरोचं बोलायला तिने मलाच ठेवलंय, आत्या माफी छान मागते म्हणे. जागा राक्षसाची रिकामी आहे, आणि तिला पत्र्यासारखाच आवाज हवा आहे. येताना माया सोबत आणावी, इथली कमी पडणार नाही.

तुमची,
दिशा

सटाणा
१५ मे

चि. दिशास आशीर्वाद.

आज न्हाणीघरात राक्षसाचं बोलून पाहिलं. शेजारचा वाल्मीक काठी घेऊन धावत आला.

रविवारी येतो. भिंती मी फोडतो. माफी तू माग.

तुझा,
मामा